ऑफिसचं सामाजिक काम आणि आमचे शनिवार, तुमच्याकडे कसं चालतं?

रेघोटी

मी एका मध्यम आकाराच्या आर्किटेक्चर फर्ममधे ज्युनियर आर्किटेक्ट आहे. ऑफिस तसं चांगलं आहे, सर आरडाओरडा करत नाहीत, शिकायला मिळतं, फक्त सबमिशन जवळ आलं की रात्री उशिरापर्यंत थांबणं ठरलेलंच आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही, कॉलेजपासूनच अंगवळणी पडलंय ते. तर आता झालंय असं की फर्मने एका वस्तीत मुलांसाठी छोटं वाचनालय आणि खेळायची जागा फुकट डिझाइन करून द्यायचं ठरवलंय. कल्पना मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण काम करायचं शनिवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी! "ज्यांची इच्छा आहे त्यांनीच या" असं मीटिंगमधे सांगितलं आणि लगेच असोसिएट मॅडम म्हणाल्या की अप्रेझलच्या वेळी इनिशिएटिव्ह बघितला जातो. आता यात इच्छा कुठे राहिली?

वेबसाइटवर "आमचं सामाजिक योगदान" असं पान पण तयार झालंय, अजून एक वीट लागली नाही तरी. तुमच्या ऑफिसमधे हे कसं असतं? आणि कामचुकार न दिसता हा विषय काढायचा कसा?

जुना टी-स्क्वेअर

शनिवार तुझा आणि नाव फर्मचं, म्हणजे देणगी तू देतेयस आणि पावती त्यांच्या नावाने फाटतेय. बाकी फर्मचा हेतू वाईटच असेल असं नाही हां, बहुतेक ठिकाणी कोणी एवढा विचारच केलेला नसतो.

मी एकच गोष्ट विचारतो, या कामाला जॉब नंबर आहे का, म्हणजे ऑफिसच्या हिशोबात प्रोजेक्ट म्हणून त्याची नोंद आहे का? टाइमशीटमधे त्याची ओळ आहे का? जॉब नंबर असला की आपोआप बाकीचं येतं, कोण किती तास देणार, प्रोजेक्ट लीड कोण, ड्रॉइंग तपासणार कोण, कधी संपणार. नसला की मग ते हवेतलं काम, सगळ्यांनी करायचं म्हणजे सगळ्यात ज्युनियर दोघांनी करायचं.

अमेरिकेत पब्लिक आर्किटेक्चर नावाच्या संस्थेने २००५ मधे 'वन पर्सेंट' नावाचा कार्यक्रम काढला होता, फर्मनी आपल्या कामाच्या तासांपैकी १ टक्का लोकोपयोगी कामाला द्यायचा. हिशोब केला तर माणशी वर्षाला साधारण २० तास. ऐकायला थोडं वाटतं पण एखाद्या मोठ्या ऑफिसचे मिळून बरेच होतात. मुद्दा असा की ते तास *फर्मच्या* वेळेतले आहेत. तुमचे चार शनिवार पाच-पाच तासांचे धरले तर तो वर्षभराचा कोटा महिन्याभरातच संपला, आणि तोही तुमच्या खिशातून.

कटर आणि कॉफी

वरच्याला +१. आणि "शिकायला मिळतंय ना, मग पैसे कशाला" हा युक्तिवाद या धंद्यात फार जुना आहे. २०१९ ला लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीच्या पॅव्हिलियनच्या वेळी आठवतं का, ते डिझाइन करणारे जपानी आर्किटेक्ट जुन्या (Junya) इशिगामी यांच्या ऑफिसची बिनपगारी इंटर्नशिप बाहेर आली आणि बोंबाबोंब झाल्यावर सर्पेंटाइनने सांगितलं की पॅव्हिलियनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पैसे द्यावे लागतील. नावाजलेली ऑफिसेसच असं करतात मग लहानांना वाटतं हीच रीत आहे.

मी असतो तर सरळ नाही म्हटलं असतं.

साइटवरचा

जरा उलटं बोलतो, राग मानू नका. नाही म्हणणं सोपं आहे पण ज्युनियरला एरवी काय काम मिळतं ते बघा, टॉयलेट डिटेल, दार-खिडक्यांचं शेड्यूल, आणि सरांनी लाल पेनाने केलेल्या करेक्शन. क्लायंट लांबून दिसतो. असल्या छोट्या कामात पहिल्यांदा समोर बसून माणसाशी बोलावं लागतं, एस्टिमेट आपल्याला काढावं लागतं, आपण काढलेला जिना मिस्त्री समोर उभा राहून "हा होणार नाही" म्हणतो तेव्हा खरं ड्रॉइंग कळतं. मी अशाच एका कामातून जे शिकलो ते मोठ्या टॉवरवर शिकलो नसतो.

अमेरिकेतल्या अलाबामात ऑबर्न विद्यापीठाचा रूरल स्टुडिओ आहे, १९९३ मधे सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी सुरू केला, विद्यार्थी तिथल्या गरीब ग्रामीण भागात राहून लोकांसाठी घरं आणि सार्वजनिक इमारती स्वतः डिझाइन करतात आणि स्वतःच्या हाताने बांधतात. तो इतकी वर्षं टिकलाय कारण ते त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे, अभ्यास सांभाळून उरलेल्या वेळात करायचं काम नाही. तसं बघितलं तर टी-स्क्वेअर म्हणतायत तेच होतं, फक्त मी म्हणेन काम सोडू नको, वेळ मागून घे.

उंबरठा

मी आर्किटेक्ट नाही. मी वस्त्यांमधे काम करणाऱ्या संस्थेत आहे म्हणजे तुमच्या पलीकडच्या बाजूला, तर तिथून काय दिसतं ते सांगते. तुमच्या ऑफिसचं कल्चर आम्हाला पहिल्या दोन भेटीत कळतं. शनिवारवाले लोक येतात तेव्हा दर वेळी नवे चेहरे असतात, कारण ज्याचं सबमिशन आहे तो आलेला नसतो. मग बायकांना तेच परत सांगावं लागतं, पाणी कुठे तुंबतं, मुली कुठल्या कोपऱ्यात जायला घाबरतात, दुपारी सावली कुठे येते. तिसऱ्या वेळी त्या सांगणं सोडून देतात आणि "तुम्ही कराल ते चांगलंच" म्हणतात. आणि ऑफिसमधे जाऊन रिपोर्ट लिहिला जातो की लोकांची संमती मिळाली!!

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मधे लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, सगळ्यात खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, मधे माहिती देणं, मत विचारणं, आणि वर खरे अधिकार लोकांच्या हातात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून घेणं हे फार तर मधल्या पायरीवर येतं, आणि त्या चिठ्ठ्यांमुळे प्लॅनमधे काय बदललं हे दाखवता आलं नाही तर त्याच्याही खाली.

उलट इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बायकर या वस्तीचं उदाहरण बघा. आर्किटेक्ट राल्फ अर्स्किन यांच्या टीमने पुनर्विकासाच्या जागेवरच, अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था बघणाऱ्याच्या जुन्या दुकानात ऑफिस थाटलं. लोक येता जाता आत डोकवायचे, तक्रार करायचे, गप्पा मारायचे. तिथेही सगळं गोड झालं नाही, मूळचे बरेच रहिवासी शेवटी नव्या घरांत आलेच नाहीत. पण निदान आर्किटेक्ट रोज समोर होता, त्याला तोंड चुकवता येत नव्हतं.

आणि चिलीतल्या इकीके शहरातला किंता मोनरॉय हा घरांचा प्रकल्प, २००४. आर्किटेक्ट आलेहांद्रो अरावेना यांच्या एलेमेंताल या ऑफिसने जवळपास शंभर कुटुंबांना अर्धं घर बांधून दिलं, स्वयंपाकघर, बाथरूम, जिना असं अवघड काम करून दिलं आणि उरलेलं कुटुंबाने आपल्या ऐपतीने वाढवायचं. अर्ध्या घराच्या कल्पनेवर टीका पण खूप आहे आणि काही पटते मला. तरी तिथे लोक शहरातल्या आपल्या जागेवरच राहिले, लांब कुठेतरी फेकले गेले नाहीत. आता असला निर्णय शनिवारच्या दोन तासांत होतो का?

रेघोटी

उंबरठा ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून कसंतरीच झालं, आमच्याकडे पहिल्या भेटीला गेलेले दोघं दुसऱ्या भेटीला नव्हतेच.

अजून एक विचारायचं राहिलं. करार वगैरे काही नाहीये. सरांचं म्हणणं "फुकट करतोय, त्यात करार कसला". हे चालतं का?

जुना टी-स्क्वेअर

नाही चालत. फी घेतली नाही म्हणून छत गळायचं थांबत नाही आणि कोणाला लागलं तर ड्रॉइंगवर सही कोणाची हे पहिलं विचारतात. साधं दोन पानी पत्र पुरतं, आपण काय देणार (कन्सेप्ट की वर्किंग ड्रॉइंगपर्यंत की साइट सुपरव्हिजन पण), काय देणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनियर कोण, परवानग्या कोण काढणार, बांधायचे पैसे कोणाचे. आणि फर्मचा प्रोफेशनल इन्शुरन्स असेल तर बिनफीच्या कामाला तो लागू आहे का हे विचारून घ्या.

बांधायचे पैसे हा मुद्दा सगळ्यात शेवटी आठवतो लोकांना. आर्किटेक्चर फॉर ह्युमॅनिटी ही १९९९ मधे सुरू झालेली केवढी मोठी संस्था, जगभर चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा, आणि २०१५ मधे पैशाअभावी बंद पडून दिवाळखोरीत गेली. त्यांच्या स्थानिक चॅप्टरमधल्या लोकांनी पुढे वेगळ्या नावाने काम चालू ठेवलं हे कौतुकाचं, पण नुसत्या उत्साहावर काही उभं राहत नाही.

साइटवरचा

बोलायचं कसं हे कोणी सांगितलंच नाही तिला. एकटी जाऊ नको, दोघं तिघं जा. "शनिवारी जमणार नाही" अशी सुरुवात केलीस तर संपलं, तिथेच कामचुकार ठरशील. "हे काम नीट व्हावं म्हणून" असं म्हण आणि तीन गोष्टी माग, जॉब नंबर, शेवटपर्यंत बदलणार नाहीत अशी दोन माणसं, आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस ऑफिसच्या वेळेत. सरांना वेबसाइटचं पान प्यारं आहे ना, मग त्या पानावर टीममधल्या सगळ्यांची नावं पण टाका म्हणावं. इनिशिएटिव्हचं मात्र मॅडमकडून मेलवर लिहून घे, न येणाऱ्याचं अप्रेझल कापणार नाही म्हणून. तोंडी नको.

कटर आणि कॉफी

लिहून देतील असं वाटत नाही पण विचारून बघ, चेहरा बघण्यासारखा होईल.

उंबरठा

आणि शनिवार हा वार ठरवला कोणी? वस्तीत विचारलं का? बऱ्याच घरांत शनिवारीही कामावर जातात, घरी भेटतात ती फक्त लहान मुलं.

रेघोटी

नाही विचारलं कोणी :( सरांकडे जायच्या आधी हेच विचारून येते.

उंबरठा

शाळेच्या वेळा पण विचार. आणि वाचनालयाची किल्ली कोणाकडे राहणार ते.