मदत हवी आहे: उतारावरच्या शाळेचं डिझाइन, प्लॅन जमलाय पण सेक्शन (उभा छेद) जमत नाही

तिसरंवर्ष_आर्क

बी.आर्क.च्या पाचव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे. रत्नागिरीजवळ सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) कडेला पहिली ते पाचवीची शाळा. पाच वर्ग, प्रत्येकी ४० मुलं, शिवाय वाचनालय-शिक्षकखोली आणि स्वच्छतागृहं. प्लॉट कंटूरच्या (समान उंचीच्या रेषेच्या) दिशेने ६० मीटर, उताराच्या दिशेने ४५ मीटर. उतार पश्चिमेकडे, साधारण १:६ (सहा मीटरला एक मीटर). खाली जांभा. प्लॅन २५ × २५ मीटरच्या चौकाभोवती यू आकाराचा, सगळं एका पातळीवर. कॉन्सेप्ट 'प्रत्येक वर्गातून समुद्र'. क्रिटमध्ये (शिक्षकांनी काम बघताना) एवढंच सांगितलं गेलं की सेक्शन काढून आणा. काढला तर एका बाजूला इमारत जमिनीत घुसते आणि दुसऱ्या बाजूला अधांतरी राहते. कुठून दुरुस्त करू? फायनल ज्युरीला (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाला) तीन आठवडे आहेत.

सेक्शन_आधी

तुमचा प्लॅन सपाट जमिनीचा आहे. १:६ उतारावर २५ मीटरच्या चौकात जमीन ४.२ मीटर उतरते, म्हणजे एका मजल्याहूनही जास्त. हा चौक सपाट करायचा तर वरच्या अंगाला डोंगर कापावा लागेल आणि खालच्या अंगाला पुरुषभराहून उंच भिंत येईल. यू आकार सोडून द्या. पट्ट्यांचा विचार करा.

एक वर्ग ८ × ६ मीटर धरा (४८ चौ.मी., मुलामागे १.२ चौ.मी.), पुढे २.४ मीटरची पडवी. भिंती धरून पट्टीची रुंदी सुमारे ९ मीटर, तीन खोल्यांची लांबी सुमारे २५ मीटर. आता ही पट्टी दोन तऱ्हांनी ठेवून बघा, निम्मी खोदाई आणि निम्मा भराव धरून.

कंटूरला समांतर ठेवली तर रुंदीत जमीन १.५ मीटर उतरते. कडेला खोदाई ०.७५ मीटर, एकूण खोदाई सुमारे ४२ घनमीटर. कंटूरला आडवी छेदून ठेवली तर लांबीत ४.१७ मीटर उतरते. कडेला खोदाई २.०८ मीटर, एकूण सुमारे ११७ घनमीटर. इमारत तीच, फक्त फिरवली, आणि खोदाई पावणेतीनपट झाली. हे दोन आकडे आणि दोन छोटे सेक्शन एकाच शीटवर शेजारी काढा. पट्टी अशीच का ठेवली, हे मग ज्युरीत वेगळं सांगावं लागत नाही.

पाऊण मीटरचा फरक जांभ्याच्या गडग्याने (दगडी बांधाने) सांभाळता येतो. कोरड्या रचाईचा गडगा पाणी अडवत नाही, त्यामुळे मागे दाब साठत नाही. दोन मीटरला मात्र आर.सी.सी. रिटेनिंग वॉल (माती अडवणारी काँक्रीटची भिंत), मागे खडीचा थर, वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं), सगळंच आलं. शिवाय जांभा खोदताना नुसती माती निघत नाही. नीट कापला तर चिरा (बांधकामाचा ठोकळा) निघतो, तोच जोत्याला आणि गडग्याला वापरता येतो. ताजा चिरा मऊ असतो, हवेवर राहून टणक होतो.

वळचण

वरचं सगळं पटतं. पण उतार पश्चिमेकडे आहे, म्हणजे समांतर पट्टीची लांब बाजू पश्चिमेला आली. दुपारचं ऊन तिथूनच आणि पावसाची झडही तिथूनच. मे महिन्याचा उकाडा डोळ्यापुढे ठेवून शाळा डिझाइन करू नका. मेमध्ये शाळा बंद असते. जून ते सप्टेंबर भरलेली असते, आणि रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. भर पावसात खिडक्या उघड्या ठेवून वर्ग चालला पाहिजे, ही पहिली अट धरा.

म्हणून पडवी पश्चिमेला. कौलारू छप्पर ३० अंशांचं, वर्ग आणि पडवी मिळून एकच, वळचण ९०० मिमी बाहेर. पडवीच्या खांबांवर वॉलप्लेट (छप्पर टेकतं ती आडवी तुळई) ३ मीटरवर असेल तर वळचणीची कड जोत्यापासून २.४८ मीटरवर येते. वर्गाच्या भिंतीपासून ही कड ३.३ मीटर पुढे. मार्च आणि सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखी असताना, घड्याळात साडेचारच्या सुमारास सूर्य २९ अंशांवर असतो, तेव्हा ऊन भिंतीवर जमिनीपासून सुमारे ६५० मिमीपर्यंतच चढतं. खिडकीची सिल (खालची कड) ९०० मिमीवर ठेवली की फळ्यावर आणि वह्यांवर ऊन येत नाही. पूर्वेला समोरासमोर खिडक्या द्या, वारा आरपार गेला पाहिजे.

छपराचं पाणीही मोजा. वळचणीसकट एका पट्टीचं छप्पर प्लॅनमध्ये सुमारे २८९ चौ.मी. तासाला १०० मिमीची सर आली तर तासात जवळपास २९,००० लिटर. २०,००० लिटरची टाकी पाऊण तासाच्या आत भरते, म्हणून ओव्हरफ्लो कुठे जाणार हे टाकीच्या जागेइतकंच महत्त्वाचं. पन्हळ लावणार नसाल तर पागोळ्यांच्या रेषेखाली बरोबर उघडं गटार घ्या. नाहीतर चिखलाचं पाणी उसळून जोत्याचा चिरा शेवाळतो. वरून येणारं डोंगराचं पाणी वेगळं. ते वरच्या पट्टीच्या मागे चर खणून बाजूने उतरवा, छपराच्या पाण्यात मिसळू नका. सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच चर.

तिसरंवर्ष_आर्क

खूप आभार. मग तीन वर्ग खालच्या पट्टीत, दोन वर्ग आणि वाचनालय वरच्या पट्टीत असं करतो. दोन्ही पट्ट्या एकामागे एक. वरच्या वर्गांतून समुद्र दिसेल ना?

सेक्शन_आधी

नाही दिसणार. हिशेब करून बघा. ३० अंशांच्या छपराचं आढं पट्टीच्या मध्यावर, वॉलप्लेटच्या २.६ मीटर वर, म्हणजे खालच्या जोत्यापासून ५.६ मीटरवर. उभ्या मुलाची नजर १.२ मीटर धरा. आढ्यावरून पलीकडे बघायचं तर दोन जोत्यांत ४.४ मीटर फरक लागेल. या उतारावर त्यासाठी पट्ट्यांचे मध्य २६ मीटर लांब न्यावे लागतील. प्लॉटच्या ४५ मीटरमध्ये ते कसंबसं बसतं, पण ४.४ मीटर चढायला १:१२ चा रॅम्प ५२.८ मीटरचा होतो, लँडिंग वेगळी. दृश्य मिळालं, पण चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी शाळा दोन तुकड्यांत फुटली.

तुमच्या प्रोजेक्टचा खरा प्रश्न हा आहे आणि तो प्लॅनमध्ये कधीच दिसला नसता.

एक मार्ग असा. दोन जोत्यांत २.४ मीटर फरक ठेवा. मध्य ते मध्य १४.४ मीटर, दोन पट्ट्यांत ५.४ मीटरचं अंगण, वळचणी सोडून ३.६ मीटर मोकळं आकाश. आणि पट्ट्या एकामागे एक न ठेवता बाजूला सरकवा, फक्त ८ मीटर एकमेकींच्या मागे राहतील अशा. एकूण रुंदी ४२ मीटर, ६० मध्ये आरामात. मागे अडकणाऱ्या त्या ८ मीटरमध्ये वाचनालय-शिक्षकखोली टाका. तिला समुद्राची गरज नाही, अंगणावर लक्ष मात्र राहतं. वरच्या दोन्ही वर्गांसमोर मोकळी हवा.

वळचण

रॅम्पचं मी सांगतो. २.४ मीटरला १५० मिमीच्या १६ पायऱ्या, आणि १:१२ ने २८.८ मीटर रॅम्प. एका टप्प्याची धाव ९ मीटरच्या आत हवी, म्हणून ७.२ मीटरचे चार टप्पे, मध्ये १.५ मीटरची तीन लँडिंग. मधल्या लँडिंगवर वळवून दुहेरी केला तर लांबी १७.४ मीटर होते. खालची पट्टी जिथे संपते तिच्या बाजूला, वरच्या वर्गांच्या पुढच्या मोकळ्या जागेत, कंटूरला समांतर बसवा. रॅम्प वरच्या जोत्याच्या खालीच राहतो, दृश्य अडत नाही. दोन्ही बाजूंना ७६० आणि ९०० मिमीवर हँडरेल. पायऱ्या आणि रॅम्प एकाच ठिकाणी सुरू होऊन एकाच ठिकाणी संपले पाहिजेत. रॅम्प मागच्या दाराने नेलेला दिसला तर ज्युरी नक्की पकडते.

स्वच्छतागृहं खालच्या पट्टीच्या टोकाला, म्हणजे सांडपाणी उताराने जाईल. वरच्या पट्टीसाठीही एक द्या. मुलांना भर पावसात खाली पळवू नका.

सनबोर्ड_५मिमी

मॉडेल आजच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात नाही. १:२०० ला प्लॉट ३०० × २२५ मिमी. कंटूर १ मीटरचे असतील तर ५ मिमी सनबोर्डचा (हलक्या फोमबोर्डचा) एक थर म्हणजे बरोबर एक कंटूर, आठ थरांत जमीन तयार. थर चिकटवू नका, टाचण्यांनी धरा, कारण पट्ट्या दहादा सरकवायच्या आहेत. इमारती पांढऱ्या माउंटबोर्डच्या, छप्पर सुटं. मोबाईल वरच्या पडवीच्या पातळीला टेकवून फोटो काढा. आढं आडवं येतं की नाही ते तिथेच दिसेल.

केस स्टडीला तिरुवनंतपुरमचं वास्तुकार लॉरी बेकर यांचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आणि वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचं कोवलमचं रिसॉर्ट घ्या. दोन्ही उतारावर आहेत. फोटो चिकटवण्यापेक्षा दोघांचा एकेक सेक्शन तुमच्याच स्केलला काढा आणि शेजारी तुमचा ठेवा.

सेक्शन_आधी

शीटवर मुख्य सेक्शन १:१०० ला, दोन्ही पट्ट्या, अंगण, चर आणि टाकी एकाच रेषेत छेदणारा. तो ८ मीटरच्या ओव्हरलॅपमधून घ्या, तिथेच सगळं एकत्र येतं. मूळ जमिनीची रेषा तुटक दाखवायला विसरू नका. किती कापलं आणि किती भरलं हे तिच्याशिवाय कळत नाही. 'प्रत्येक वर्गातून समुद्र' हे वाक्य ठेवायला आता हरकत नाही, पण ते या सेक्शनखालीच लिहा.