मदत हवी आहे: सोमवारी ट्रेनिंग आहे, ६३च्या सर्टिफिकेटची मराठी पीपीटी कुणाकडे आहे का?

कृष्णाकाठ
सोमवारी दुपारी दोन तासांचं ट्रेनिंग घ्यायचंय. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं सर्टिफिकेट (डिजिटल पुरावा कोर्टात देताना जोडतात ते), हॅश (फाईलचा डिजिटल ठसा), ई-साक्ष्य (झडतीच्या चित्रीकरणाचं पोलिसांचं ॲप), सगळं त्यातच. मराठीत तयार पीपीटी असेल तर टाका. इंग्रजीतल्या चिकार मिळाल्या, त्या नकोत. साहेबांनी काल सांगितलं, आज शुक्रवार. लवकर टाका.

काळाकोट_सांगली
कुणाला शिकवायचंय? वकिलांना, पोलिसांना की कोर्टातल्या स्टाफला? तिघांची अडचण वेगळी असते.

कृष्णाकाठ
पोलिसांना. उघडच आहे की.

निवृत्त_फौजदार
उघड कसं काय? आणि पोलिसांत तरी कोण? तपासी अंमलदार, मुद्देमाल कारकून, की पैरवीवाले? किती जण आहेत?
माझं ऐकाल तर हॅशबिश नंतर. आधी कलमं पाठ करून घ्या. १ जुलै २०२४ला नवे कायदे लागू झाले, तरी लोकांच्या तोंडी अजून चारशेवीसच. ती आता न्याय संहितेची ३१८(४). चोरीची ३७९ गेली, ३०३(२) आली. मोठा तक्ता करा आणि भिंतीवर लावा.

कृष्णाकाठ
तक्ता आहे हो भिंतीवर. त्यावर हळदीच्या पेढीचं कॅलेंडर टांगलंय. सगळे मिळून वीसेक जण असतील, सरमिसळ. पीपीटी आहे का कुणाकडे?

मैदान_१६००
तुरचीच्या पोलीस ट्रेनिंग सेंटरला पुढची बॅच कधी जाणार आहे कुणाला माहीत आहे का? माझं ग्राउंड चांगलं झालंय.

काळाकोट_सांगली
भरतीचा धागा वेगळा आहे, तिकडे विचारा.
कृष्णाकाठ, कोर्टात काय अडतं ते सांगतो. अर्जुन पंडितराव खोतकर निकालात (२०२०, जालन्याची निवडणूक) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्र समोर नसेल तर जुन्या पुरावा कायद्यातलं ६५बचं सर्टिफिकेट लागणारच. आता साक्ष्य अधिनियमाच्या ६३मध्ये त्याचे दोन भाग झालेत. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहायचा. पुष्कळ ठाण्यांतून फक्त भाग अ येतो आणि ब कोरा. मग आरोपीच्या वकिलाला आयतंच मिळतं.

कऱ्हाडी_लेबल
भाग ब कोण देणार ते पण सांगा की. आमच्याकडे एका केसमध्ये कॉम्प्युटर रिपेअरवाल्याची सही घेतली. चालते म्हणे.

काळाकोट_सांगली
चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९अखाली अधिसूचित परीक्षकच लागतो.

कऱ्हाडी_लेबल
६३मध्ये नुसतं 'तज्ज्ञ' लिहिलंय. ७९अ तुम्ही त्याच अधिनियमाच्या ३९(२)मधून उचलून आणताय. वाद आहे त्यावर, ठाम सांगू नका.

काळाकोट_सांगली
वाद आहे म्हणूनच सेफ बाजूला राहायचं. तुमचा रिपेअरवाला उलटतपासात पाच मिनिटं तरी टिकेल का?

कऱ्हाडी_लेबल
तो टिकेल, तुमचे साहेब टिकणार नाहीत 😄

संथ_वाहते
आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला झालंय (१८ ऑगस्ट २०२५ पासून), तर या मुद्द्यावर निकाल तिकडूनच येईल बघा. मुंबईच्या चकरा वाचल्या हे मात्र खरं. पार्किंगचं कुणीतरी बघा फक्त.

कृष्णाकाठ
सर्किट बेंच, पार्किंग, भरती, सगळं झालं. मी सोमवारी उभा राहून बोलू काय?

डीव्हीआरवाला
भाऊ, पीपीटी सोडा. एक जुना डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), एक पेन ड्राईव्ह आणि एक लॅपटॉप न्या. दुकानांचे कॅमेरे मी बसवतो, फुटेज घ्यायला हवालदार माझ्याकडेच येतात, म्हणून सांगतोय.
पहिलं म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ कधीच बरोबर नसतं. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहायला लावा. नाहीतर आरोपी साडेनऊला दुकानात दिसतो आणि पावणेदहाला मिरज स्टेशनवरही.
फुटेज व्हॉट्सॲपवर मागवायचं नाही. व्हिडिओ दाबला जातो, फाईल वेगळी होते, हॅश जुळत नाही.
फाईलचं नाव बदललं म्हणून हॅश बदलत नाही, पण आतलं काहीही हललं की पूर्ण बदलतो. हे बोलून पटत नाही, लॅपटॉपवर करून दाखवा. विंडोजमध्ये हॅश काढायला सर्टयुटिल कमांड असतेच, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.
शा-२५६ प्रकारच्या हॅशची ६४ अक्षरं हाताने लिहू देऊ नका. एकदा ८चा बी झालेला माझ्या डोळ्यांसमोर आहे, बी पण चालतो ना त्यात, मग सापडतच नाही. प्रिंट काढा आणि पंचांची सही घ्या.

निवृत्त_फौजदार
हे बरं सांगितलं. पण ई-साक्ष्य राहिलंच. झडतीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ प्रमाणे जप्तीची यादी आणि पंचांच्या सह्यांसकट लागतं, मग विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे. आमचे लोक दार उघडायचं शूट करतात आणि यादी लिहिताना मोबाईल खिशात. ॲपमध्ये आधी खोटा सराव करून घ्या, दोघांना पंच करा. आणि जुन्या केसचं विचारलं कुणी तर सांगा, १ जुलै २०२४ला जो तपास किंवा खटला चालू होता त्याला जुनाच पुरावा कायदा. तुम्ही स्वतः कुठल्या ठाण्याला?

कृष्णाकाठ
मी पोलीस नाही. तासगाव रोडला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पीआय साहेबांची मुलगी येते क्लासला, त्यातून हे गळ्यात आलं.

निवृत्त_फौजदार
ते आधी सांगायचं की ओ! मग कलमांत शिरूच नका. हॅश आणि डीव्हीआर तुम्ही घ्या. कायद्याचा अर्धा तास सहायक सरकारी अभियोक्त्यांना द्यायला साहेबांना सांगा. भाग ब कुणाकडून घ्यायचा तेही त्यांनाच विचारू दे, तुम्ही उत्तर देऊ नका.

काळाकोट_सांगली
+१. यावर माझं आणि फौजदारांचं पहिल्यांदाच एकमत.

कृष्णाकाठ
बरं. असंच करतो. पण डीव्हीआर कुठून आणू?

डीव्हीआरवाला
माझ्याकडे पडलाय एक, चालू आहे, हार्डडिस्क छोटी आहे. उद्या संध्याकाळी सातपर्यंत दुकानात असतो, विश्रामबागला. व्यनि करतो. मॉनिटर तुमचा तुम्ही बघा.

मैदान_१६००
तुरचीचं कुणीच सांगितलं नाही.