आरओ घरात आहे, मग टाकीत ब्लीचिंग कशाला? (इंदूर, नर्मदा लाईन)

रामबागकर
नळ एक दिवसाआड येतो. पहिली दहाएक मिनिटं पाणी गढूळ, कधीकधी चेंबरसारखा वास, मग स्वच्छ. पाणी आधी जमिनीखालच्या ३००० लिटरच्या हौदात पडतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या १००० लिटरच्या काळ्या टाकीत. प्यायला आरओ. मीटरवर नळाचा टीडीएस २४०, आरओचा ४०. घरात दोन तट आहेत. मोठ्यांचं म्हणणं, ब्लीचिंग टाका, तुरटी फिरवा. मुलांचं म्हणणं, आरओ असताना हे जुनाट प्रकार कशाला, शिवाय क्लोरीननं कॅन्सर होतो. नक्की प्रमाण आणि रीत कुणाला माहीत असेल तर लिहा.

क्लोरीनमास्तर
आधी तो टीडीएस मीटर बाजूला ठेवा. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. नर्मदेच्या पाण्यात थोडं गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम दहा-वीसने हलेल, आणि तेवढ्यात कॉलरा, टायफॉइड, कावीळ सगळं मावतं. उलट क्षारांचा विचार केला तर २४० ला आरओची गरजच नाही. भारतीय मानकात ५०० पर्यंत पाणी सरळ स्वीकार्य आहे.

आरओ एका नळाचं पाणी गाळतो. दात घासणं, भाजी धुणं, भांडी विसळणं, न्हाताना पोरांच्या तोंडात जाणारं पाणी, हे सगळं टाकीचंच. आणि आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही, म्हणून मशीनची टाकी आणि तोटी अस्वच्छ असेल तर तिथे जंतू पुन्हा वाढतात. तेव्हा मोठ्यांचं बरोबर. मात्र ते मूठभर पावडर टाकीत भिरकावत असतील तर ते चूक.

रीत अशी. ताजी ब्लीचिंग पावडर घ्या: कोरडी, मोकळी, नाकाला झोंबणारी. गोळे झालेली, ओलसर पावडर घेऊ नका, तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. चांगल्या पावडरीत २५ टक्क्यांच्या वर क्लोरीन असतं. हिशोब २५ नेच करा. प्लास्टिकच्या बादलीत ४० ग्रॅम पावडर वजन करून घ्या, थोड्या पाण्यात लेईसारखी कालवा, मग पाणी घालून १ लिटर करा. अर्धा तास न हलवता ठेवा. चुना खाली बसतो, वरची निवळ रंगीत बाटलीत ओतून घ्या. हा झाला साधारण १ टक्क्याचा अर्क. अंधारात, थंड जागी ठेवा आणि आठवड्यात संपवा. गाळ टाकीत ओतायचा नाही. तोच पुढे तोट्यांत आणि आरओच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

मात्रा: १०० लिटरला १० मिलि, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन. तुमच्या भरलेल्या हौदाला ३०० मिलि. हौद निम्माच भरला असेल तर निम्मं. अर्क गच्चीवरच्या टाकीत न टाकता हौदात, नळ चालू असताना टाका म्हणजे आपोआप मिसळतो. अर्धा तास थांबून मग मोटर लावा. स्वयंपाकघरातल्या नळाला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक मिळालं की झालं. काळी टाकी उन्हात तापते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शिल्लक शून्यावर येऊ शकते. तपासूनच वरच्या टाकीत ३०-४० मिलि घाला.

तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू मारत नाही. पण गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं आणि मातीच्या कणांआड जंतू वाचतात, म्हणून क्रम आधी तुरटी, निवळ वेगळी, मग क्लोरीन. हौदभर पाण्यात तुरटी फिरवत बसू नका. पहिलं गढूळ पाणी हौदात जाऊच देऊ नका, बाहेर सोडा.

एक ताकीद. ब्लीचिंगजवळ संडास साफ करायचं अ‍ॅसिड नको. एकाच बादलीत दोन्ही आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेततं.

तोटीपाना
मास्तरांनी औषध सांगितलं, पण रोग नळजोडणीत आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढून आलेलं पाणी बहुतेक वेळा शेवटच्या वीस-तीस फुटांत बिघडतं. नळ बंद असताना लाईन रिकामी असते. जोडणीचा पाइप नालीतून किंवा चेंबरला खेटून गेला असेल आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजून सुईएवढं भोक पडलं असेल तर बाहेरचं घाण पाणी आत झिरपतं. नळ येताच ते आधी तुमच्याकडे. वर लोक मोटर थेट लाईनला जोडतात. त्या ओढीने पाइपात पोकळी होते आणि तीच भोकं आतल्या बाजूला चोखू लागतात, तुमच्याही आणि शेजाऱ्याच्याही. लाईनवर मोटर लावणारा सगळ्या गल्लीचं पाणी नासवतो, हे माझं स्पष्ट मत. पाणी आधी हौदात, मग मोटर, ही तुमची रचना बरोबर आहे.

बिघाड कुठे आहे ते शोधायला दुकानातून क्लोरीन तपासायचं किट आणा. ओटी द्रावणाने पाणी पिवळं होतं, डीपीडी गोळीने गुलाबी. डीपीडी मिळाली तर तीच घ्या. ओटी असेल तर हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी नालीतच ओता. रंग लगेच वाचा. ओटीचा पिवळा रंग उशिरा, मिनिटा-दोन मिनिटांनी गडद होत गेला तर ते मोकळं क्लोरीन नाही, अमोनियाशी बांधलं गेलेलं आहे. सांडपाण्याचा संशय घ्यायला हे कारण पुरेसं.

चार जागी तपासा: हौदाआधीच्या तोटीवर नळ आल्याच्या पहिल्या मिनिटाला, तिथेच पंधराव्या मिनिटाला, मग हौदात, मग स्वयंपाकघरात. पहिल्या मिनिटाला शून्य आणि पंधराव्याला ०.३ आलं तर दोष जोडणीच्या पाइपात. शेजाऱ्यांकडे पंधराव्या मिनिटालाही शून्य असेल तर दोष मोठ्या लाईनवर. तोटीवर ठीक आणि हौदात शून्य, तर हौद गळका किंवा घाण. हौदासाठी वेगळी परीक्षा: भरून सगळे व्हॉल्व्ह बंद करा, भिंतीवर खूण करा, चोवीस तासांनी बघा. पातळी उतरली तर चीर आहे. पावसाळ्यात चढली तर बाहेरचं पाणी आत येतंय, ते जास्त वाईट.

पाइप बदलायचाच तर एमडीपीई (प्लास्टिकचा) घ्या. नालीच्या वरून न्या. ओलांडावीच लागली तर तेवढ्या टप्प्यात बाहेरून एक मोठा पाइप चढवा आणि नालीच्या आत एकही जोड ठेवू नका.

तीनशेअकरा
लाईनचा दोष निघाला तर नुसतं ‘पाणी घाण येतंय’ लिहू नका. पालिकेच्या इंदूर ३११ अ‍ॅपवर तारीख, नळ आल्याची वेळ, कितव्या मिनिटाला काय दिसलं आणि काचेच्या ग्लासाचा फोटो टाका. गल्लीतल्या चार-पाच घरांनी वेगवेगळी तक्रार नोंदवून क्रमांक जपावेत. दाद लागली नाही तर सीएम हेल्पलाइन १८१. लाईनच्या पाण्याचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतात: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलं आहे. पण अर्जात भाषण नको, अहवालाच्या तारखा मागा.

सूक्ष्मदर्शी
कॅन्सरच्या मुद्द्यावर थोडं. क्लोरीन पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी मिसळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं होतात, हे खरं. म्हणून मानकात त्यांची मर्यादा ठरवलेली आहे. क्लोरोफॉर्मची लिटरला ०.२ मिलिग्रॅम. पाणी जितकं नितळ तितकी ती कमी होतात. त्या धास्तीने क्लोरीन बंद करणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणं.

जंतू खरंच आहेत का हे बघायचं तर एच२एस बाटली (जंतू तपासायची तयार बाटली) स्वस्त पडते: खुणेपर्यंत पाणी भरा, घरात उबेला ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर विष्ठेच्या प्रदूषणाची शंका. हौदाच्या तळाच्या गाळानेही काळी पडू शकते, म्हणून पक्कं उत्तर प्रयोगशाळेचंच. बाटली तिथूनच निर्जंतुक केलेली घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन घातलेलं असतं, ती धुवू नका. झाकणाच्या आत बोट नको. बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा. आणि नमुन्याआधी दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचा नेहमीचा नियम इथे उलटा पडेल. तुमचा संशय पहिल्या पाण्यावर आहे, तर पहिलंच भरा, आणि फॉर्मवर तसं लिहा. निकालात १०० मिलिमध्ये ई. कोलाय (विष्ठेतला जंतू) एकही नको.

तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा. घरात कुणाला जुलाब लागले तर तयार ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ वाढवलं तर अपाय होतो. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर पाणी पाजत पाजत सरळ दवाखाना.

रामबागकर
मंडळी, आभार. आरओवर घरात आता बराच शांतपणे विचार चाललाय. एकच राहिलं: हौद दोन वर्षं धुतला नाही. क्लोरीन आधी की धुणं आधी?

क्लोरीनमास्तर
धुणं आधी, नाहीतर सगळा अर्क तळाचा गाळच खाईल. मोटरचा मेन स्विच बंद करा. झाकण उघडून हौद चांगला तासभर वारा लागू द्या, उतरणाऱ्याबरोबर वर एक माणूस उभा हवाच. गाळ उपसून भिंती घासा. मग १० लिटरच्या बादलीत २०० मिलि अर्क घालून ते पाणी भिंतींना, तळाला आणि झाकणाच्या आतून लावा, अर्धा तास ओलं ठेवा आणि धुऊन टाका. क्लोरीनचा वास कोंडतो, म्हणून हे काम जमेल तितकं वरूनच, लांब दांड्याच्या ब्रशने. गच्चीवरच्या टाकीलाही हेच. तेवढा वेळ आरओची इनलेट तोटी बंद ठेवा, जास्त क्लोरीनने मेम्ब्रेन (मशीनमधला गाळणारा पडदा) जाते.

तोटीपाना
आणि झाकण बसवताना कडेला रबर लावा. पावसाचं पाणी तिथूनच उतरतं.