‘पिक अप’ आणि आपले ‘उचलणे’

‘द विंड पिक्ड अप’ या वाक्याचे भाषांतर एका विद्यार्थ्याने ‘वाऱ्याने उचलले’ असे करून आणले आणि मी काही बोलण्याआधी स्वतःच विचारले, ‘‘सर, पण काय उचलले?’’ त्याची शंका रास्त होती, कारण या वाक्यात क्रियापदाला कर्मच नाही. असे कर्म नसलेले ‘पिक अप’ बहुधा जोर वाढणे, सुधारणे, वेग घेणे या अर्थाने येते, म्हणून मराठीत ‘वाऱ्याने जोर धरला’ असे म्हणावे.

मूळ अर्थ आपल्या शिवारातच पाहता येतो. झाडावरचा कापूस वेचणे हे नुसते ‘पिक’. वेचताना ओटीतून मातीत पडलेला कापूस वाकून घेणे हे ‘पिक अप’. या वाकून घेण्यातल्या कितीतरी छटा ‘उचलणे’मध्येही सापडतात. फोन उचलतात, पोलीस संशयिताला उचलतात आणि तेलंगणच्या सीमेलगतच्या देगलूरकडची मुले शिकवणीवाचून, केवळ कानांवर पडून, तेलुगू उचलतात. वर्गात बसून व्याकरणासह शिकलेल्या भाषेला इंग्रजीतही सहसा ‘पिक अप’ म्हणत नाहीत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सारखेपणा इथे संपतो. ‘पिक हर अप फ्रॉम द स्टेशन’चे भाषांतर ‘तिला स्टेशनवरून उचल’ असे केले, तर ऐकणारा दचकेल. तिथे ‘घेऊन ये’ हवे. सर्वांत फसवी जागा आजारपणाची. ‘द पेशंट इज पिकिंग अप’ म्हणजे रुग्णाला उतार पडू लागला आहे; उलट ‘दुखण्याने उचल खाल्ली’ म्हणजे बरा होत आलेला आजार पुन्हा बळावला. इंग्रजीत माणूस सावरतो, मराठीत दुखणे! बीडकडे मुकादम हंगामाआधी ऊसतोडीच्या कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, जी ‘उचल’ देतो ती तर निव्वळ आगाऊ रक्कम. तिथे ‘पिक अप’ लावायला जाऊच नये.

मोंढ्यात मात्र आपण या शब्दाचे नाम करून त्याला मराठी क्रियापद जोडले आहे: ‘सोयाबीनचा भाव पिकअप घेईना.’ चढावर दम टाकणाऱ्या गाडीला ‘पिकअप नाही’ म्हणतात आणि माल वाहणारी छोटी गाडी स्वतःच ‘पिकअप’ असते. इंग्रजीतही नाम जोडून लिहितात आणि त्याचा आघात ‘पिक’वर असतो; क्रियापद तोडून लिहितात आणि बोलताना जोर ‘अप’कडे सरकतो.

राहता राहिला शब्दक्रम. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण कर्म सर्वनाम असले की ते मध्येच बसते, म्हणजे ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ त्याच विद्यार्थ्याच्या वहीत तीन ठिकाणी होते.