मदत हवी आहे: जेम्स बाँडचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

१९६२ ते २०२१ या काळातील मुख्य मालिकेचे सर्व २५ चित्रपट आईबरोबर पाहायचे आहेत, परंतु क्रम ठरत नाही. डॅनियल क्रेगचे पाच चित्रपट कथेने जोडलेले असल्याने ते सलगच पाहावेत, हे मला पटते. खरा प्रश्न जुन्यांचा आहे. १९६७ मध्ये बाँडला समोरासमोर भेटलेला खलनायक ब्लोफेल्ड १९६९ च्या चित्रपटात त्याला ओळखतही नाही. मात्र त्याच चित्रपटाच्या शेवटी मारल्या गेलेल्या पत्नीच्या, म्हणजे ट्रेसीच्या, थडग्यावर १९८१ मध्ये रॉजर मूरचा बाँड फुले वाहतो. हा धागा आईच्या हातून निसटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तेव्हा शॉन कॉनरीपासून प्रदर्शनाच्या क्रमानेच जावे, की आधी क्रेगचे पाच संपवून मागे वळावे? संपूर्ण मालिका पाहिलेल्यांनी कृपया कारणासह सांगावे.