रंग मिसळत नाहीत हो

वर एकांनी विचारलंय की गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) पिवळंधमक दिसणारं सोनं नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, झालं की लाल कसं होतं, आणि त्यावर 'रंग मिसळत असतील' असं उत्तर आलंय. रंगबिंग काही नाही. एमएस्सीला इथेच कोल्हापुरात हे हातानं केलंय.

क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याचं संयुग) फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात ट्रायसोडियम सायट्रेट ओतायचं, त्यानं सोन्याचे कण तयार होतात. आधी पिवळेपणा जातो, मग करडं-जांभळं होतं (इथं घाबरून बर्नर बंद करू नका) आणि काही मिनिटांत कोकम सरबतासारखं लाल. रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांची ही १९५१ ची पद्धत. कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र झुलतात आणि ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून उरलेला लाल दिसतो.

आमचा पहिला घाणा निळा झाला! फ्लास्क नळाच्या पाण्यानं विसळून तसाच घेतला होता. क्षारांमुळे कणांवरचा विद्युतभार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि शोषण लाल बाजूला सरकतं, म्हणजे लाल प्रकाश गिळला जातो आणि द्रावण निळं दिसतं. तयार द्रावणात चिमूटभर मीठ टाका, हाच खेळ दिसेल.

हुपरीवाल्यांची (कोल्हापूरजवळचं चांदीकामाचं गाव) चांदीही नॅनो झाली की याच न्यायानं पिवळी दिसते, शोषण ४०० नॅनोमीटरच्या आसपास.

झिंक ऑक्साइडला मात्र हे लावू नका. तिथं कारभार बँड गॅपचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक). अतिनील तेवढं शोषतं, म्हणून पूड पांढरी आणि सनस्क्रीनमध्ये चालते.