एकाच उंदरात विषाणूचे दोन प्रकार टिकतात, मग माझ्या समीकरणांत का टिकत नाहीत?

अंबाझरीची_गणितवाली:
नमस्कार. मी नागपूरला एमएससी गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला एलसीएम (लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस) विषाणू घेतलाय, घरातल्या साध्या उंदरात असतो तो. जन्मतःच त्याचा 'आर्मस्ट्राँग' प्रकार टोचला तर उंदीर आयुष्यभर बाधित राहतो. १९८४ साली रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा उंदराच्या प्लीहेत पुढे वेगळाच प्रकार सापडतो. क्लोन १३ त्यातलाच. मोठ्या निरोगी उंदराला आर्मस्ट्राँग टोचला तर आठवडाभरात साफ होतो, क्लोन १३ मात्र ठाण मांडून बसतो. आणि गंमत म्हणजे त्या बाधित उंदराच्या मेंदूत मूळचाच प्रकार राहतो.

माझं मॉडेल नेहमीचं: निरोगी पेशी, बाधित पेशी, मोकळे विषाणू. विषाणूचे दोन प्रकार घातले आणि बाधित पेशी मारणाऱ्या मारक टी-पेशी नव्याला कमी ओळखतात असं धरलं. पायथनमध्ये चालवलं की दर वेळी निळी रेघ (नवा प्रकार) चढते, लाल (मूळचा) शून्याला टेकते. बीटा, म्हणजे लागणीचा दर, कितीही हलवला तरी कुणीतरी एकच उरतो. मला नुसता आलेख जुळवायचा नाही, उंदराच्या आत काय घडतं ते समजून घ्यायचंय. माझ्या समीकरणांत काय राहून गेलंय?

सेमिनरी_हिल्स:
ताई, मी पशुवैद्यक, म्हणून आधी उंदराचं बोलतो. जन्मतःच लागण झालेल्या पिल्लाच्या थायमसमध्येही, म्हणजे टी-पेशी जिथे तयार होतात तिथेही, विषाणू असतो, त्यामुळे शरीर त्याला आपलाच समजतं. त्याच्याविरुद्धच्या मारक टी-पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. पिल्लू वरवर ठणठणीत, पण रक्तात आणि लघवीत विषाणू कायम. ज्या टी-पेशी नाहीतच, त्यांना चुकवून नव्या प्रकाराला फायदा कसा होईल? जन्मजात बाधित उंदरासाठी ते पद काढूनच टाका.

बजाजनगरचा_दादा:
डॉक्टर बरोबर बोलले, खरी गोष्ट तिथेच आहे. तू सगळा उंदीर एकाच भांड्यात ओतून राहिली आहेस. दोन्ही प्रकार त्याच निरोगी पेशींवर जगत असतील, तर ज्याचं कमी पेशींत भागतं तो दुसऱ्याला हुसकावतोच. बीटा हलवून फक्त जिंकणारा बदलेल.

दोन कप्पे कर, प्लीहा आणि मेंदू, आणि मधली ये-जा अगदी कमी ठेव. क्लोन १३ मधले दोन बदल महत्त्वाचे. ग्लायकोप्रोटीनमध्ये, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनात, २६०व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी ल्युसिन येतं आणि पेशीवरच्या अल्फा-डिस्ट्रोग्लायकनला विषाणू घट्ट चिकटतो. पॉलिमरेजमध्ये, म्हणजे विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनात, १०७९व्या जागी लायसिनऐवजी ग्लुटामिन येतं आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये तो जोमानं वाढतो. पण न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींत, हा फायदा चालत नाही. १९९६ मध्ये दोन्ही प्रकार एकत्र टोचून पाहिले, तेव्हाही न्यूरॉनमध्ये मूळचाच वरचढ ठरला. म्हणजे बीटा आणि विषाणू-निर्मितीचा दर प्रत्येक प्रकाराला प्रत्येक कप्प्यात वेगळा हवा.

म्युटेशनचं पदही ठेव. दर १०⁻⁵ धरला आणि मेंदूत नव्या प्रकाराचं नुकसान १० टक्के, तर तिथे तो दहा हजारांत एक एवढाच राहील. नाहीसा होणार नाही, पण चाचणीत दिसणंही कठीण.

अंबाझरीची_गणितवाली:
दादा, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. टी-पेशींचं पद काढून दोन कप्पे केले: प्लीहेत निळी वर, मेंदूत लाल वर, दोन्ही स्थिर. ये-जा वाढवत नेली की एका टप्प्यानंतर मेंदूतली लाल रेघ बुडते. आता हे आकडे विषाणूच्या मोजणीवरून काढता येतील का?

बजाजनगरचा_दादा:
सगळे नाही. फक्त विषाणूची मोजणी हाती असेल तर निर्मितीचा दर आणि सुरुवातीच्या निरोगी पेशी वेगवेगळ्या कळत नाहीत, दोघांचा गुणाकारच कळतो. गाईडना हे आधीच सांगून ठेव, आणि ये-जा ज्या टप्प्याला लाल रेघ बुडवते तोच प्रोजेक्टचा मुख्य आलेख कर.